मित्र गेला, गाडी उभी आहे: क्लबनं नेमकं काय करावं?

तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही राहिलं असेल तर लगेच कळेल. क्लबातले तुमचे जुने मित्र दोन महिन्यांपूर्वी अचानक गेले. त्यांची १९६०च्या दशकातली ब्रिटिश सलून गाडी अर्धवट काम झालेल्या अवस्थेत गॅरेजात उभी आहे आणि भोवती सुट्या भागांची खोकी आहेत. वहिनी म्हणतात, "गाडीचं काय ते तुम्हीच बघा." मुलगी म्हणते, बाबांची गाडी विकायची नाही. क्लबातल्या एकानं गाडी घ्यायची तयारी दाखवलीय. वार्षिक मेळाव्यात बोलायचं आणि क्लबच्या अंकात लिहायचं काम तुमच्यावर आलंय, आणि 'मनमिळाऊ, हरहुन्नरी, सदैव मदतीला तत्पर' याच्या पुढं तुमची लेखणी जात नाही. शेवटी तुम्ही विचारलंय, त्यांची आठवण नीट जपायची तर काय करावं?

मी एका जुन्या गाड्यांच्या क्लबाचं दप्तर बरीच वर्षं सांभाळतोय. सभासदांच्या गाड्यांच्या नोंदी ठेवणं, अंक काढणं, आणि कुणी सभासद गेला की त्याच्या घरच्यांना गाडी, कागद आणि सुटे भाग यांची निरवानिरव करायला मदत करणं. हे तिसरं काम मला कुणी सोपवलं नव्हतं, ते हळूहळू अंगावर आलं. त्यामुळे जे सांगतोय ते या तिसऱ्या कामाच्या अनुभवावरून.

तुम्ही भाषण, लेख आणि गाडी असे तीन प्रश्न एकत्र विचारलेत. माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: तुमच्या मित्राच्या डोक्यात जे होतं ते आता कुठं आहे? त्या गाडीत कुठं काय बदललं, कुठला भाग कुठून आणला, कुणाच्या गाडीला काय करून दिलं. ही माहिती अजून थोडीफार शिल्लक आहे, पण विखुरलेली. थोडी गॅरेजात, थोडी एखाद्या वहीत, थोडी तुमच्यासारख्या दहा जणांच्या आठवणीत. ती गोळा करायला मुदत आहे, कारण गॅरेज एकदा आवरलं की ती संपते. भाषण पुढच्या वर्षीही करता येईल. म्हणून माझा आग्रह असा की आधी ती माहिती वाचवा, गाडीचा निर्णय थोडा थांबवा. लेख त्याच माहितीतून आपोआप उभा राहील.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच सांगतो. मृत्युपत्र आहे का, गाडी कुणाच्या नावावर आहे, तुमच्याकडे वारसा आणि नाव बदलण्याचे नियम काय आहेत, गॅरेज स्वतःचं आहे की भाड्याचं. भाड्याचं असेल तर खाली मी जिथं 'थांबा' म्हणतो तिथं तुम्हाला थांबता येणार नाही. मग निदान क्रम तरी तोच ठेवा. कायद्याच्या बाबतीत तुमच्याकडच्या वकिलाला विचारा, माझ्यासारख्या पानेवाल्याला नको.

पहिलं घरच्यांचं. "तुम्हीच बघा" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मला आत्ता यावर विचार करायची ताकद नाही' एवढाच असतो. ती परवानगी समजून कामाला लागू नका. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारा, आणि प्रश्न छोटे ठेवा: "आम्ही दोघं येऊन गॅरेजचे फोटो काढू का? काही हलवणार नाही." याला हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं. जाताना दोघं जा, एकट्यानं जाऊ नका. तुमच्यावर अविश्वास आहे म्हणून हे सांगत नाही. सहा महिन्यांनी एखादा कार्बोरेटर सापडला नाही, तर कुणाच्याही मनात तुमचं नाव येऊ नये म्हणून. गॅरेजातून काहीही बाहेर गेलं तर त्याची यादी करा, एक प्रत वहिनींकडे द्या. साधा पाना (स्पॅनर) असला तरी. 'तो मीच त्यांना दिला होता, परत नेतो' असं सांगत लोक येतात, आणि खरंही सांगत असतात, पण यादीत नोंद होऊ द्या.

आता गाडी घ्यायला तयार असलेल्या सभासदाविषयी. तो लबाड आहे असं मी म्हणत नाही. कदाचित तोच त्या गाडीसाठी सर्वांत योग्य माणूस असेल. पण जो घेणार आहे त्यानं किंमत सांगायची नाही आणि आवराआवरीत हात घालायचा नाही, एवढा नियम क्लबनं आधीच जाहीर करून टाकावा. किंमत क्लबाबाहेरच्या दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे काढून घ्या, आणि दोघांनाही सुट्या भागांची खोकी दाखवा. अर्धवट काम झालेल्या गाडीची निम्मी किंमत कधी कधी त्या खोक्यांत असते. भाग गेले की उरतं ते नुसतं शेल, म्हणजे रिकामा सांगाडा, त्याला भाव देणारा कुणी नसतो. घरच्यांना एवढंही सांगा की घाई नाही. गाडी कोरड्या जागी नीट ठेवली तर काही महिन्यांनी तिचं मोल कमी होत नाही, उलट शोकाच्या पहिल्या भरात विकलेली गाडी परत मिळत नाही. मुलगी आणि आई यांची मतं वेगळी असतील तर क्लबनं पंच व्हायला जाऊ नये. दोघींना माहिती द्या, ठरवू द्या त्यांना.

मधल्या काळात विमा कंपनीला कळवायला सांगा. धनी गेल्यावर जुनी पॉलिसी तशीच लागू राहील हे कुणीही गृहीत धरू नये, आणि नाव व विमा मार्गी लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये, 'एक चक्कर मारून आणतो' म्हणूनही नाही. आणखी एक: श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये गाडीचा, गॅरेजचा, घराचा फोटो पत्ता ओळखू येईल असा टाकू नका. दुर्मिळ गाडी आणि रिकामं घर यांची जाहिरात आपणच करतो.

आता मुख्य भाग, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. जुनी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा एकसारखी होती. पन्नास-साठ वर्षं आणि एका हौशी माणसाचे हात लागल्यावर ती एकमेव झालेली असते. तिच्यात केलेले बदल कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतात, आणि त्यातले काही डोळ्यांना दिसतही नाहीत.

साधं उदाहरण बॅटरीचं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ होत्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चासीला जोडलेलं. एमजी बी ही स्पोर्ट्स गाडी १९६७पर्यंत तशीच होती. नंतर अनेकांनी रेडिओसाठी किंवा आल्टरनेटरसाठी (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रासाठी) आपापल्या गाड्या निगेटिव्ह अर्थ करून घेतल्या. तुमच्या मित्रानं काय केलं होतं? बॅटरी काढून ठेवली असेल आणि उद्या कुणी मदतीला आलेल्यानं मॅन्युअल वाचून प्लस चासीला जोडलं, तर आल्टरनेटरचे डायोड जळतील, प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटच्या, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्कांच्या, जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर तेही जाईल. नुकसान पैशांत फार मोठं नसेल, पण हळहळ मोठी.

दुसरं ब्रेक ऑइल. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ग्लायकोलवर आधारलेलं असतं. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग खराब करतं. याच दोन कारणांमुळे जुन्या गाड्यांचे काही शौकीन डॉट ५ म्हणजे सिलिकॉनचं ऑइल भरतात. दोन्ही एकमेकांत मिसळायची नसतात. सिलिकॉनला ओळखीसाठी जांभळट रंग दिलेला असतो, पण तो काळानं उडतो, मग टाकीत बघून खात्री होत नाही. तुमच्या मित्रानं काय भरलं होतं हे कुणाला ठाऊक आहे? मला विचाराल तर शोध इथून सुरू करावा, कारण इथं चूक झाली तर ब्रेक जातात.

तिसरं व्हॉल्व्ह सीट, म्हणजे बंद झालेला व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती कडा. त्या काळच्या इंजिनाच्या ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये सीट थेट लोखंडातच कापलेली असायची आणि पेट्रोलमधलं शिसं तिला झिजण्यापासून वाचवायचं. शिसं असलेलं पेट्रोल जगभरातून गेलं (शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ साली), म्हणून अनेकांनी हेड उतरवून कठीण पोलादाच्या सीट बसवून घेतल्या. हे काम झालंय की नाही हे बाहेरून कळत नाही. झालं असेल तर कुठल्यातरी मशीन शॉपचं बिल असेल. नसेल तर पुढच्या मालकाला टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि तो उघडणारा भाग यांतली जागा) वारंवार तपासत राहावी लागेल, कारण सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते.

आट्यांचं तर विचारूच नका. व्हिटवर्थ, बीएसएफ, यूएनएफ या आट्यांच्या वेगवेगळ्या मापपद्धती, सगळं एकाच गॅरेजात नांदत असतं. एमजीच्या टी मालिकेतलं एक्सपीएजी इंजिन घ्या: आटे मेट्रिक, बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या पान्याची. मॉरिसनं १९२३ साली हॉचकिसचा कॉव्हेंट्रीमधला इंजिन कारखाना घेतला तेव्हा फ्रेंच मापांची यंत्रसामग्री सोबत आली, आणि ती मापं इंजिनांतून पुढं चालत राहिली. ज्याला हे माहीत नाही तो चुकीचा बोल्ट जोर लावून फिरवतो आणि ब्लॉकचे आटे घालवतो. तुमच्या मित्राच्या खोक्यांत वेगवेगळ्या डब्यांमध्ये ठेवलेले बोल्ट असतील तर ते डबे एकत्र ओतू नका, कितीही सारखे दिसले तरी. त्यांनी वेगळे ठेवले त्याला कारण होतं.

म्हणून गॅरेजात शिरल्यावर काय करायचं ते सांगतो. आधी काहीही न हलवता फोटो: चारही भिंती, प्रत्येक फळी, प्रत्येक उघडं खोकं वरून. बाकावर अर्धवट सोडलेलं काम असेल तर त्याचे जवळून फोटो, कारण खोललेला भाग ज्या क्रमानं मांडलाय तो क्रम हेच त्यांचं शेवटचं टिपण असतं. भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे शोधा. बऱ्याच मेकॅनिकवृत्तीच्या माणसांना कागद सापडत नाही म्हणून भिंतीवर, डब्याच्या झाकणावर, फ्यूज बॉक्सच्या आतल्या बाजूला लिहायची सवय असते. पॉइंटची फट, टायमिंग, कार्बोरेटरच्या जेटचा नंबर, सगळं तिथं मिळतं. मग प्रत्येक खोक्याला नंबर द्या आणि आत काय दिसतंय ते एका ओळीत लिहा. ओळखू आलं नाही तर 'ओळखलं नाही' असंच लिहा. अंदाजानं दिलेलं नाव पुढच्या माणसाला जास्त त्रास देतं.

त्यानंतर कागद. बिलं, जुनी नोंदणीपत्रं, सुट्या भागांच्या पुरवठादारांशी झालेला पत्रव्यवहार, ईमेल, फोनमधले फोटो. फोनचा पासवर्ड घरच्यांकडे असेल तर मुलीनं बसून बाबांनी काढलेले गाडीचे फोटो वेगळे करावेत. हे काम तिचं आहे, क्लबचं नाही. खोलताना टप्प्याटप्प्यानं फोटो काढायची पद्धत आता सगळ्यांनीच लावून घेतलीय, त्यामुळे वायरिंग कसं होतं हे तिथं सापडायची दाट शक्यता आहे. चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरून वाचा, कागदावरून उतरवू नका. दोन्ही जुळतात का ते बघा. गाडी ब्रिटिश असल्यामुळे गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे चौकशी करता येईल. त्यांच्याकडे ऑस्टिन, मॉरिस, एमजी अशा अनेक मेकच्या उत्पादनाच्या नोंदी आहेत आणि त्यावरून गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठं पाठवली याचं प्रमाणपत्र देतात. तुमच्या मित्रानं ते आधीच मागवलेलं असू शकतं. नसेल तर क्लबनं आपल्या खर्चानं मागवून मुलीला द्यावं. पुष्पचक्रापेक्षा मला ही भेट जास्त शोभेलशी वाटते.

फिवा म्हणजे जुन्या वाहनांच्या क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना १९६६पासून काम करते. किमान तीस वर्षं जुनं, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत राखलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं वाहन ती ऐतिहासिक धरते. जुन्या वाहनांच्या जतनाविषयीच्या तिच्या ट्युरिन सनदेत एक मुद्दा सतत येतो: वाहनावर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद राहिली पाहिजे. हा नियम गाड्यांसाठी लिहिलाय, पण मी तो माणसांनाही लावतो. केलेल्या कामाची नोंद ठेवली की करणारा माणूस त्यात आपोआप येतो.

इथून लेखाकडे वळतो. तुमची लेखणी अडली कारण तुम्ही गुण लिहायला बसलात. 'मदतीला तत्पर' हे प्रत्येक क्लबातल्या निम्म्या लोकांना लागू पडतं. बर्था बेन्झचं बघा. ऑगस्ट १८८८मध्ये ती दोन मुलांना घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइमला नवऱ्यानं बनवलेल्या मोटारीतून गेली, साधारण शंभर किलोमीटर. आज आपल्याला काय आठवतं? टोपीच्या पिनेनं तिनं इंधनाची नळी साफ केली. मोज्याच्या पट्ट्यानं वायर गुंडाळली. वाटेत चांभाराकडून ब्रेकला चामडं ठोकून घेतलं, आणि वीसलोखला औषधाच्या दुकानातून इंधन म्हणून लिग्रोइन विकत घेतलं. ती धाडसी होती असं वेगळं सांगावं लागत नाही, पिनेचं सांगितलं की पुरतं. तुमच्या मित्राची 'पीन' शोधा.

ती शोधायची माझी पद्धत साधी आहे. सभासदांना 'त्यांच्याविषयी दोन शब्द लिहा' असं सांगू नका. तुम्हाला आत्ता आलेले तेच तीन शब्द सगळीकडून परत येतील. त्याऐवजी विचारा: त्यांनी तुमच्या गाडीला काय केलं? त्यांच्याकडून घेतलेली आणि अजून परत न केलेली वस्तू कोणती? कुठल्या बाबतीत ते तुमच्याशी कधीच सहमत झाले नाहीत? पहिल्या प्रश्नाला उत्तर म्हणून कामं येतात, दुसऱ्याला हसू येतं, तिसऱ्यातून माणूस कळतो. ज्याला मूळ रंगाशिवाय दुसरा रंग चालायचा नाही, जो इलेक्ट्रॉनिक इग्निशनला शेवटपर्यंत शिव्या घालायचा, ज्याच्या मते चकचकीत क्रोम म्हणजे गाडी चालवत नसल्याचा पुरावा, असा माणूस दोन वाक्यांत डोळ्यांपुढं उभा राहतो. तिरसटपणाही येऊ द्या थोडा. आपल्या छंदात तिरसटपणाशिवाय कुणी तीस वर्षं टिकत नाही.

लांबीचं म्हणाल तर भाषण तीन-चार मिनिटांचं पुष्कळ झालं. उभं राहून ऐकणाऱ्यांमध्ये वयस्कर लोक असतात. अंकातल्या लेखाला जागा जास्त मिळते, तिथं तुम्ही गोळा केलेल्या कामांच्या नोंदी टाका, अगदी तांत्रिक तपशिलासकट. कुणाच्या गिअरबॉक्समधून दुसऱ्या गिअरला येणारा आवाज त्यांनी कसा बंद केला, हे वाचून दहा वर्षांनीही कुणीतरी उपयोग करून घेईल.

काय वगळायचं ते घरच्यांना विचारून ठरवा. छापण्याआधी मजकूर वहिनींना किंवा मुलीला दाखवणं मी कधी टाळत नाही. क्लबातला माणूस आणि घरातला माणूस यांत फरक असतो. ज्या रविवारी ते तुमचं इंजिन बसवत होते त्या रविवारी घरी कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. म्हणून 'त्यांचा पहिला संसार गाडीशीच होता' या जातीचे विनोद नकोत. सभागृह हसतं, पहिल्या रांगेतल्या बाई हसत नाहीत. उलट क्लबातली एखादी गोष्ट घरच्यांना ठाऊकच नसते: की ते रात्री-अपरात्री कुणाच्या बंद पडलेल्या गाडीसाठी निघून जायचे तेव्हा नक्की कुठं जायचे. ते सांगा. ते ऐकायला घरच्यांना आवडतं.

मेळाव्याच्या दिवसाविषयी थोडक्यात. गाड्यांच्या रांगेत त्यांच्या गाडीची जागा रिकामी सोडायची कल्पना सगळ्यांना सुचते. चालत्या रस्त्यावर ते करू नका. मधे ट्रक घुसतो, मागचे गोंधळतात, आणि अंतर राखण्याच्या नादात कुणीतरी ब्रेक मारतो. मैदानात गाड्या उभ्या करताना एक जागा मोकळी ठेवा, तिथं त्यांचा फोटो आणि कामाची वही मांडा. शांतता पाळायची असेल तर इंजिनं बंद करून पाळा, आणि ती संपल्यावर हॉर्न वाजवायचे की नाही हे आधी ठरवून सांगा, नाहीतर निम्मे वाजवतात आणि निम्मे त्यांच्याकडे रागानं बघतात.

त्यांच्या नावानं करंडक ठेवायचा विचार असेल तर 'सर्वांत सुंदर गाडी'साठी ठेवू नका. ते करंडक आधीच भरपूर असतात आणि दोन-चार वर्षांत नावामागचा माणूस कुणालाच आठवत नाही. ते जे करायचे त्यासाठी ठेवा. वाटेत थांबून दुसऱ्याची गाडी चालू करून देणाऱ्याला, किंवा त्या वर्षी कुणा नवख्याला एखादं काम शिकवणाऱ्याला. याहूनही मला आवडलेला पर्याय म्हणजे हत्यारं. घरच्यांना नको असतील आणि त्यांनी मनापासून दिली तर त्यांचे व्हिटवर्थ पाने, पुलर, टायमिंग लाइट हे सगळं क्लबच्या कपाटात ठेवून सभासदांना नोंद करून वापरायला द्या. ही हत्यारं आता सहज मिळत नाहीत. व्हिटवर्थच्या पान्यावर कोरलेलं माप बोल्टच्या डोक्याचं नसतं, दांड्याच्या व्यासाचं असतं, हे नवख्या सभासदाला पहिल्यांदा त्याच पान्यावर कळेल.

स्मरणासाठी गाड्या काढायच्याच असतील तर दरवर्षी एकच ठरावीक रस्ता धरा, त्यांच्या आवडीचा. लंडन ते ब्रायटन ही दौड मुळात १४ नोव्हेंबर १८९६च्या एका दिवसाची आठवण आहे. ब्रिटनमध्ये मोटारींवरची जाचक वेगमर्यादा शिथिल झाली तेव्हा लोक आनंदानं गाड्या काढून ब्रायटनला गेले होते. १९२७ साली ती आठवण म्हणून पुन्हा सुरू झाली आणि अजूनही १९०५च्या आधी बनलेल्या गाड्याच तिच्यात धावतात. ती टिकली कारण रस्ता ठरलेला आहे आणि नियम कडक आहे. दरवर्षी नव्यानं ठरवावे लागणारे स्मृतिदिन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विरून जातात.

गाडीचं काम पूर्ण करावं का, हा प्रश्न उरला. क्लब मिळून पूर्ण करू, असं उत्साहात ठरतं. मी याबाबतीत सावध आहे. सुरुवातीला दहा जण येतात, हिवाळा संपेपर्यंत दोघं उरतात, आणि मग ती गाडी त्या दोघांच्या गळ्यात पडते. शिवाय प्रत्येकाच्या डोक्यात 'पूर्ण' म्हणजे काय याचं चित्र वेगळं असतं. तुमच्या मित्रानं जुना रंग जपायचं ठरवलं असेल आणि तुम्ही प्रेमापोटी पत्रा उघडा करून नवा रंग मारलात, तर त्यांच्या हाताचं कामच तुम्ही पुसून टाकाल. म्हणून आधी त्यांच्या कागदांतून त्यांना काय हवं होतं ते शोधा. मुलगी गाडी ठेवणार असेल आणि तिला शिकायचं असेल, तर एका माणसानं तिच्याबरोबर महिन्यातून एखादा दिवस काम करावं. वेळ लागेल, लागू दे. ती ठेवणार नसेल तर गाडी आहे तशी, पण संपूर्ण नोंदींसह, योग्य माणसाकडे जाऊ द्या. नोंदींची एक प्रत गाडीबरोबर, एक घरी, एक क्लबच्या दप्तरात.

तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय की स्वतःची गाडी काढावीशी वाटत नाही, कारण बंद पडली तर फोन कुणाला करायचा. याला माझ्याकडे खरं तर तांत्रिक उत्तरच आहे. दोन-तीन सभासदांशी बोलून ठेवा आणि छोट्या फेऱ्या सुरू करा. तुमची गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचा चिकट थर बसेल आणि हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर ब्रेक शू ड्रमला धरतील. मग तर फोन करावाच लागेल. त्यांनी तुमच्या गाडीला जे जे केलं तेही तुम्हीच लिहून काढा, दुसऱ्या कुणाला ते सांगता येणार नाही.

त्यांच्या गाडीसाठी या आठवड्यात करण्यासारखं एवढंच: इंजिन 'चालतंय का बघू' म्हणून सेल्फ मारू नका. बराच काळ बंद असलेलं इंजिन आधी प्लग काढून, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून हातानं फिरवतात, तेही ते खरंच पूर्ण जोडलेलं आहे याची खात्री झाल्यावर. अर्धवट कामात नेमके कुठले बोल्ट घट्ट करायचे राहिलेत हे आपल्याला ठाऊक नाही. चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडा. बॅटरीची केबल काढा, पण आधी कुठलं टोक चासीला जोडलंय त्याचा फोटो घ्या, आणि मग चासीला जोडलेलीच केबल पहिली काढा, ती प्लस असो वा मायनस. तो फोटो खोक्यांच्या यादीला जोडून वहिनींकडे द्या.